स्विंगनंतरचा बडी डिफ्रँको असा ऐका

जॅझ क्लॅरिनेटवादक बडी डिफ्रँको ऐकायची सुरुवात आर्ट टेटमसोबतच्या १९५६ च्या ध्वनिमुद्रणाने मुळीच करू नका. टेटमचा पियानो ऐकणाऱ्याला दम खाऊ देत नाही. आधी पियानोवादक सॉनी क्लार्कबरोबरची, १९५४-५५ मधली चौकडी लावा. बीबॉपची, म्हणजे स्विंग या नाचाच्या जॅझनंतर आलेल्या वेगवान शैलीची, सुरांची जलद ओळ खालून वर चढते तिथे कान द्या. सॅक्सोफोनवर वरच्या सप्तकात जवळपास तीच बोटं चालतात. क्लॅरिनेट मात्र सप्तक ओलांडून थेट बाराव्या सुरावर उडी घेते, त्यामुळे बोटांचा सगळा हिशेब बदलतो. मी स्वतः क्लॅरिनेट वाजवतो, खालच्या आणि वरच्या सुरांमधला तो सांधा लपवणं महाकठीण. डिफ्रँकोचा ऐकूच येत नाही! मग खुशाल टेटम लावा. १९६६ ते १९७४ तो ग्लेन मिलर ऑर्केस्ट्रा हा स्विंगचा वाद्यवृंद चालवत होता. ते शेवटी ऐका, नाहीतर राहू द्या.