फिरायला नको म्हणणाऱ्या कुत्र्याला पट्ट्याची सवय कशी लावावी

आमचा भुऱ्या गल्लीतलाच. आठ महिन्यांचा असताना घरात आला. पहिल्याच दिवशी मी गळ्यात पट्टा अडकवून त्याला फाटकाबाहेर काढलं, तर सिमेंट रोडवर पोट टेकून, चारही पाय पसरून बसला. ओढला तर नखं खरखरली आणि गळपट्टा कानांपर्यंत वर सरकला. समोरचे काका दुधाची पिशवी घेऊन येत होते. म्हणाले, "काहून घासत नेऊन राहिला रे त्याला? गोणी आहे का?" राग आला, पण काकांचं बरोबर होतं.

आपण पुढे ओढलं की कुत्रा मागे जोर लावतो, ते त्याच्या अंगातच असतं. आणि बसकण मारणारा कुत्रा बहुतेक वेळा हट्टी नसतो, भ्यालेला असतो. शेपटी पायात, कान मागे, पुन्हापुन्हा जांभया, ओठ चाटणं, समोर धरलेला खाऊही न घेणं, ही सगळी भीतीचीच लक्षणं.

सुरुवात पायापासून करा. पंजे उलटे करून बघा. मोकळ्या प्लॉटमधून आणलेला गोखरूचा काटा, बोटांच्या बेचक्यात बसलेली गोचीड, वाढून वळलेलं नख, यातलं काहीही चालणं बंद करू शकतं. आधी नीट फिरणारा कुत्रा अचानक अडून बसायला लागला, तर शिकवणं बाजूला ठेवून जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पिल्लू असेल तर लसी पूर्ण झाल्या का हे विचारल्याशिवाय रस्त्यावर उतरवू नका.

सामान फार लागत नाही. गळ्यावर ताण न येता छातीवर बसणारा हार्नेस, त्याखाली दोन बोटं सहज जातील इतका सैल. पाच-सहा फुटांची साधी दोरी. आवळणारी साखळी दुकानदार आग्रहाने दाखवेल, घेऊ नका. खाऊ म्हणून बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून. चॉकलेट, द्राक्षं, मनुका कुत्र्याला विषारी असतात.

पहिले काही दिवस घराबाहेर जायचंच नाही. हार्नेस जमिनीवर ठेवा, त्याने वास घेतला की एक तुकडा. मग हार्नेसच्या फटीतून तुकडा धरा, म्हणजे तो स्वतः डोकं आत घालेल. बक्कल लावून जेवायला द्या, जेवण झालं की काढा. यात तो आरामात दिसू लागला की दोरी जोडा आणि तुमच्या नजरेसमोर घरभर ओढत फिरू द्या. त्यानंतर दोरी हातात घ्या, पण चालायचं तो जाईल तिकडे. शेवटी तुम्ही दोन पावलं मागे सरा, मांडीवर थाप मारून बोलवा, आला की तुमच्या पायाजवळच खाऊ द्या. हे कंटाळवाणं आहे. भुऱ्याला याच टप्प्यावर दहा दिवस लागले आणि घरच्यांनी मला पुरेसं चिडवून घेतलं.

मग फाटक. उघडा, उंबऱ्यावर त्याच्याजवळ बसा, ऑटो जाऊ द्या, भंगारवाला ओरडू द्या. प्रत्येक आवाजानंतर एक तुकडा. पाच मिनिटांत आत या. दुसऱ्या दिवशी एक घर पुढे, तिसऱ्या दिवशी कदाचित पुन्हा उंबराच. तो अडला की दोरी ढिली सोडा, त्याच्याकडे तोंड न करता बाजू करून उभे राहा, टक लावून बघू नका, वाट बघा. एक पाऊल टाकलं की शाबासकी. अजिबात हललाच नाही तर घराकडे वळा. घराकडे बहुतेक कुत्रे झपाझप चालतात, तेही चालणंच आहे. आमचं पहिलं मोठं यश म्हणजे कोपऱ्यावरचा पानठेला. घरापासून मोजून साठ पावलं.

नागपुरात वेळ निवडणं हे अर्धं काम. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसवणार नाही. सूर्य बुडाला तरी डांबर आणि सिमेंट बराच वेळ तापलेलंच असतं, त्यामुळे उन्हाळ्यात, विशेषतः नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पहाटेचंच फिरणं खरं. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. धाप थांबेना, लाळ गळू लागली, पाय लटपटले तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता आणि थेट डॉक्टरांकडे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका जास्त. पोळ्यानंतरच्या मारबत मिरवणुकीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके, या दिवसांत भित्र्या कुत्र्याला आवाज सुरू व्हायच्या आत फिरवून आणा.

भीती गेली की उलटा त्रास सुरू होतो, आता तोच तुम्हाला ओढतो. दोरी ताणली की खांबासारखे थांबा. त्याने मागे वळून दोरी ढिली केली की चाला. खाऊ नेहमी पँटच्या शिवणीजवळ द्या, म्हणजे तुमच्या बाजूला राहणं फायद्याचं वाटतं. घरातल्या एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने ओढू द्यायचं असं चाललं तर ओढण्याची सवय सुटत नाही. मात्र वास घेऊ द्या. एका विजेच्या खांबापाशी दोन मिनिटं गेली तरी हरकत नाही, फिरायला तो त्यासाठीच निघालेला असतो.

राहिले गल्लीतले कुत्रे. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते, ती दोन दिवसांत कळते. लांबून दिसले की रस्ता ओलांडा, त्यांच्या आणि आपल्या कुत्र्याच्या मध्ये स्वतः राहा, धावू नका, दगड उचलू नका आणि त्यांच्यासमोर खाऊ जमिनीवर टाकू नका. आमच्याकडे तीन घरं सोडून एक काळी कुत्री आहे. ती झोपेतून उठायच्या आत, साडेपाचला, आम्ही तिच्यासमोरून निघून गेलेलो असतो.