स्पेशल सेंटरवर नवीन लागताय? भांडणं हाताळायच्या ट्रेनिंगबद्दल

इंदुरात स्पेशल मुलांच्या डे-केअरमध्ये किंवा कुणाच्या घरी केअरगिव्हर म्हणून लागणाऱ्या ताई-दादांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मुलं मारतात का हो? हो, कधीकधी मारतात, चावतात, केस धरतात, म्हणून आमच्याकडे नवीन माणसाला मुलांसोबत एकटं ठेवायच्या आधी ट्रेनिंग देतात. त्यातलं काय खरंच कामी येतं ते लिहितेय.

सुरुवातीला सोडवणूक शिकवतात. केस धरले तर मागे सरकायचं नाही, त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबून धरायची म्हणजे ओढ बसत नाही आणि पकड हळूहळू सैल होते. चावलं तर हात खेचायचा नाही, खेचला की जखम वाढते, उलट थोडा तोंडाकडेच दाबायचा. हे वाचून येत नाही, ट्रेनरसमोर एकमेकांवर करून बघा, लाजू नका. आणि पालथं पाडून पाठीवर बसणं कितीही जुन्या माणसाने सांगितलं तरी करायचं नाही, श्वास कोंडून जीव जाऊ शकतो.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे एबीसी चार्ट. आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं, बस. नवीन लोक लिहितात "आज फार चिडला होता", त्यावरून कुणाला काय कळणार? आमच्याकडच्या एका न बोलणाऱ्या मुलाची नोंद अशी होती: पावणेबारा, शेजारच्या बिल्डिंगमध्ये ड्रिल सुरू, कान झाकले, ताईंनी हात धरून जेवायला नेलं, ताट फेकलं, व्हरांड्यात बसवलं, शांत झाला. अशा काही नोंदी एकापाठोपाठ वाचल्या तेव्हा दिसलं की भुकेचा किंवा हट्टाचा संबंधच नाही, त्याला आवाजातून बाहेर पडायचंय आणि ताट फेकलं की बाहेर जायला मिळतं हे त्याला पक्कं कळलंय. मग त्याला व्हरांड्याचा फोटो असलेलं कार्ड दिलं, कार्ड दाखवलं की कुणीतरी लगेच बाहेर न्यायचं, हातातलं काम टाकून, आणि हळूहळू ताटं फेकणं कमी झालं. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडे डीजेचा दणका असतो, त्या भागातल्या घरांत आम्ही आठवडाभर आधी सांगतो की आवाजासाठी काय तयारी ठेवायची.

"मस्ती केली, आज जेवण बंद", ही शिक्षा अजून काही ठिकाणी चालते आणि ऐकलं की माझा जीव तुटतो. दिव्यांगजन अधिकार कायदा 2016 चं कलम 92 बघा, ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. असा प्रकार दिसला तर कलम 7 खाली कुणीही एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेटला कळवू शकतं.

आता पालक. मुलांपेक्षा जास्त भांडणं इथे होतात, चार वाजता गेटवर, हातावरचा ओरखडा आईला दिसला की. उपाय सोपा आहे, ओरखडा आईने बघायच्या आधी फोन गेला पाहिजे: "काकू, साडेबाराला असं असं झालं, औषध लावलंय, आल्यावर दोन मिनिटं बसून बोलू." गेटवर उभ्याने बाकीच्या पालकांसमोर बोलायचं नाही, आत बसवायचं, पाणी द्यायचं, आधी त्यांचं पूर्ण ऐकायचं. त्या आरडाओरडा करतील, करू द्या, त्या वर्षानुवर्षं रात्री धड झोपलेल्या नसतात हो.

घरातलीच भांडणं, म्हणजे मुलाची जबाबदारी मोठ्या भावाने घ्यायची की मामाने वगैरे, त्यात आपण कुणाची बाजू घ्यायची नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाचा अर्ज नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 नुसार लोकल लेव्हल कमिटीकडे जातो, त्यात कलेक्टर असतात, एवढी माहिती द्या आणि थांबा.

स्टाफमधल्या कुरबुरी बहुतेक ड्युटीवरून असतात, त्या लिखित रोस्टरने बऱ्याच मिटतात.

नोकरी घेण्याआधी सेंटरवाल्यांना दोनच गोष्टी विचारा, घटनांचं रजिस्टर आहे का आणि ते दाखवाल का, आणि एखाद्या मुलाने मारल्यावर मला पंधरा मिनिटं बाहेर बसता यावं म्हणून माझ्या जागी कोण येईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "बघू" असं आलं तर दुसरं सेंटर बघा.