उबुंटूवर 'बिल्ड-इसेन्शियल' बसत नसेल तर

सी किंवा सी++चा कंपायलर हवा म्हणून उबुंटू २२.०४ वर 'बिल्ड-इसेन्शियल' बसवायला घ्यावं आणि ॲप्टने (पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेने) 'अनमेट डिपेन्डन्सीज', म्हणजे सोबत लागणारी पॅकेजं जुळत नाहीत, म्हणत हात वर करावेत, हे नेहमीचं दुखणं. शेवटी येणारी 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस'ची (रोखून धरलेल्या मोडक्या पॅकेजांची) ओळ बरेचदा दिशाभूल करते. खात्रीसाठी 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' चालवा (आज्ञा अर्थात रोमन अक्षरांत टाइप करायच्या). उत्तर कोरं आलं, तर रोखून धरलेलं पॅकेज एकही नाही. खरं कारण त्या ओळीच्या वर असतं: 'लिबसी६-डेव्ह'ला 'लिबसी६'ची (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमांना लागणाऱ्या सी लायब्ररीची) नेमकी अमुक आवृत्ती हवी, पण मशीनवर तिच्याहून नवी आहे.

डेव्ह पॅकेजमध्ये हेडर फाइली, म्हणजे लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइली असतात. त्या मूळ लायब्ररीशी तंतोतंत जुळाव्यात म्हणून तिथे 'इतकी किंवा नवी' अशी सवलत नसते. थेट बरोबरचं चिन्ह असतं. त्यामुळे शेवटचा आकडा वेगळा असला तरी गाडी अडते.

आता 'ॲप्ट पॉलिसी लिबसी६ लिबसी६-डेव्ह' चालवा. तीन चांदण्यांची ओळ म्हणजे बसलेली आवृत्ती. तिच्याखाली एकाही रेपॉझिटरीचा (पॅकेजं जिथून उतरतात त्या साठ्याचा) पत्ता नसून फक्त १०० हा आकडा आणि डीपीकेजीची स्टेटस फाइल (मशीनवर बसलेल्या पॅकेजांची नोंद) दिसली, की चोर सापडला: ती आवृत्ती जिथून आली, तो स्रोत आता यादीत नाही.

बहुधा 'जॅमी-अपडेट्स' किंवा 'जॅमी-सिक्युरिटी' हा स्रोत बंद असतो ('जॅमी' हे २२.०४चं टोपणनाव). 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मधल्या 'अपडेट्स' टॅबवर तो चालू करा, मग 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि पुन्हा इन्स्टॉल. बहुतेकांचं काम इथेच होतं.

बाहेरचा पीपीए (उबुंटूबाहेरच्या कुणी चालवलेला पॅकेजांचा साठा) कारणीभूत असेल, तर आधी तो यादीतून उडवू नका. 'पीपीए-पर्ज' वापरा, ते पीपीए बंद करून त्यातली पॅकेजं उबुंटूच्या मूळ आवृत्तीवर आणतं, आणि त्यासाठी पीपीएची यादी त्याला लागते. दुसऱ्याच रिलीजची ओळ (जॅमीवर 'नोबल', म्हणजे २४.०४ची, किंवा डेबियनची) कुणी घुसडली असेल, तर ती काढा.

तरीही अडलं, तर 'ॲप्टिट्यूड'ने (ॲप्टसारखीच, पण तोडगे सुचवणारी आज्ञा) इन्स्टॉल करून पाहा. पहिला तोडगा बरेचदा 'काही बसवू नका' असाच असतो. 'एन' दाबलं की पुढचा येतो. पण 'वाय' दाबण्याआधी काय काय काढलं जाणार, ती यादी वाचा. एका कंपायलरपायी अख्खा डेस्कटॉप जात असेल, तर तिथून बाहेर पडा. आणि 'लिबसी६' जबरदस्तीने काढायचं नाही, कधीच नाही: त्यानंतर फाइलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस'सुद्धा चालत नाही.