मेनी की मच? आधी मराठीत मोजणं थांबवा

मराठीत आपलं बरं असतं, खूप माणसं, खूप पाणी, खूप काम, एकच ‘खूप’ सगळीकडे खपतो. इंग्रजीत तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं की पुढचं नाम मोजता येतं की नाही. येत असेल तर मेनी, फ्यू, सेव्हरल आणि नाम अनेकवचनी, नसेल तर मच, लिटल आणि नाम एकवचनी. एवढं सगळ्यांना पाठ असतं तरी चुका होतात, कारण आपण मोजतो मराठीत.

म्हणजे बघा, आपल्याकडे चार सल्ले असतात, दोन बातम्या असतात, पण इंग्रजीत अ‍ॅडव्हाइस, न्यूज, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, होमवर्क यातलं काहीच मोजत नाहीत. मी एकदा मेलमध्ये ‘मेनी इन्फर्मेशन्स’ लिहून पाठवलं होतं, खाली लाल रेघ आली तरी मला वाटलं कॉम्प्युटरलाच कळत नाहीये. मोजायचंच असेल तर ‘टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ असं मध्ये काहीतरी घालावं लागतं. न्यूजच्या शेवटी एस दिसतो त्याला भुलू नका, ‘द न्यूज इज गुड’ असंच.

सगळ्यात गंमत पैशांची. मोजायचीच वस्तू, आणि मनी म्हणे अनकाउंटेबल, न मोजता येणारं! पण मोजतो आपण रुपये नाहीतर डॉलर, ‘वन मनी, टू मनी’ असं कोण म्हणतं? म्हणून हाउ मच मनी, पण हाउ मेनी डॉलर्स. शंका आली तर लर्नर्स डिक्शनरी उघडा, तिथे नामाला सी किंवा यू असं लिहिलेलं असतं, सी म्हणजे काउंटेबल, यू म्हणजे अनकाउंटेबल. काही शब्दांना दोन्ही असतं: टाइम म्हणजे वेळ असेल तर मच टाइम, पण ‘कितीदा’ विचारायचं तर हाउ मेनी टाइम्स. डोक्यावरचे केस हेअर, एकवचनी, पण जेवणात सापडला तर ‘अ हेअर’.

आता फ्यू आणि अ फ्यू. इथे त्या चिमुकल्या ‘अ’ने अख्खा सूर बदलतो. ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे थोडेफार मित्र आहेत, बरं चाललंय. ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्र फारसे नाहीतच, बिचारा. लिटल आणि अ लिटलचंही तेच. मनात ‘थोडेफार’ असेल तर अ लावा, ‘फारसं नाही’ असेल तर काढा.

फ्युअर मोजता येणाऱ्यांना, लेस न येणाऱ्यांना, फ्युअर मिस्टेक्स, लेस नॉइज. याच्यावरून भांडणारे खूप भेटतील, पण अशा ठिकाणी फ्युअर बरं असं रॉबर्ट बेकर नावाच्या माणसाने 1770 मध्ये आपली आवड म्हणून लिहिलं होतं, त्याचा पुढे नियम झाला. आणि अंतर, वेळ, पैसे यांना आकडा असूनही लेसच लागतं, लेस दॅन टेन किलोमीटर्स.

साध्या होकारार्थी वाक्यात नुसतं मच जरा अवघडल्यासारखं वाटतं, ‘आय हॅव मच वर्क’ कुणी बोलत नाही, मच प्रश्नात नाहीतर नकारात शोभतं. होकारार्थी वाक्यात अ लॉट ऑफ वापरा, ते मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोन्ही नामांना चालतं, फक्त क्रियापद नामाकडे बघून लावायचं, अ लॉट ऑफ वॉटर इज, अ लॉट ऑफ पीपल आर. आणि लॉटच्या आधीचा ‘अ’ खाऊ नका, नुसतं ‘लॉट ऑफ पीपल’ आपण सगळेच सर्रास लिहितो.