रेलरोड अ‍ॅक्युट्रॉन घेताय? या चुका टाळा

अ‍ॅक्युट्रॉन म्हणजे बुलोवा कंपनीचं जुनं मनगटी घड्याळ. त्याच्या तबकडीवर ‘रेलरोड अप्रूव्ह्ड’ (रेल्वेत वापरायला मान्य) छापलंय म्हणून लगेच पैसे काढू नका. 1891 मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि तिथून रेल्वेवाल्यांच्या घड्याळांना कडक नियम लागू होत गेले: ठळक आकडे, आठवड्याला 30 सेकंदांहून जास्त फरक नाही. ती सगळी खिशातली घड्याळं. बुलोवाच्या अ‍ॅक्युट्रॉनला मनगटावर मान्यता मिळाली ती 1960च्या दशकात.

सगळ्यात जास्त गोंधळ सेलचा, म्हणजे बॅटरीचा. या घड्याळात नेहमीची मागेपुढे डोलणारी चक्री नसते. तिच्या जागी सेकंदाला 360 वेळा थरथरणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) असतो. कानाशी धरलं तर तंबोऱ्यासारखा एकच सूर येतो. ते बनलं 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी. आता दुकानात मिळतो तो 1.55 व्होल्टचा. माझ्या पहिल्या घड्याळात मी तोच टाकला आणि घड्याळ रोज चार-पाच मिनिटं पुढे. घड्याळ बिघडलं नव्हतं: जोर जास्त पडला की चिमटा इवल्याशा दातेरी चाकाचा एका वेळी एकाऐवजी जास्त दात ढकलतो. जाणकाराकडून नव्या सेलप्रमाणे सेटिंग करून घ्या, किंवा व्होल्टेज उतरवणारा सेल वापरा. दोन्हीपैकी एक, दोन्ही एकदम नको.

सूर येतो पण सेकंदकाटा हलत नाही? मग सेलवर पैसे घालवू नका, दोष चाकाशी आहे. सूरच नाही, सेल नवा, तर कॉइल, म्हणजे चिमट्याला थरथरवणारी तारेची गुंडाळी, तपासा. तिची तार केसाहून बारीक असते; घरी स्क्रूड्रायव्हर घसरला की संपलं. (हेही अनुभवातूनच.)

214 मॉडेलला बाजूला चावी नसते. वेळ लावायची कडी पाठीमागे असते, सेलचं झाकणही तिथेच, नाण्याने उघडणारं. अख्खी पाठ उचकटू नका. पाठीवरचा कोड मात्र वाचा: M7 म्हणजे 1967, N2 म्हणजे 1972. विकणारा 1962 सांगत असेल तर हसून पुढे जा.

नव्याने रंगवलेल्या तबकडीबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको; परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भिंग लावून मिनिटांच्या रेघा पाहा. 12 च्या आकड्याशी रेघ जुळत नसेल, अक्षरांच्या कडा पसरलेल्या असतील, तर ती तबकडी कारखान्यातून आलेली नाही.