डब्यातलं प्लास्टिक आणि रक्तातली साखर

बीपीए आणि थॅलेट ही प्लास्टिकमधली रसायनं संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. शरीरात ती जास्त असलेल्या प्रौढांमध्ये टाइप २ मधुमेह अधिक दिसतो, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. थेट कारण म्हणून ते सिद्ध झालेलं नाही, पण काळजी आजपासून घेता येते.

सुरुवात डब्यापासून करा. लोकलमधून ऑफिसला जाणारा डबा स्टीलचाच हवा. प्लास्टिकचा असेल तर भाजी पूर्ण गार करून भरा. उष्णता, तेल आणि आंबट एकत्र आलं की रसायन जास्त पाझरतं. म्हणूनच उडप्याकडचं गरम सांबार पातळ पिशवीत आणणं सगळ्यात वाईट. घरून स्टीलची बरणी न्या. कटिंग काचेच्या ग्लासातच घ्या.

डब्याच्या तळाचा त्रिकोण पाहा: ३ म्हणजे पीव्हीसी, त्यात थॅलेट असू शकतं; ७ मध्ये पॉलिकार्बोनेट असू शकतं, म्हणजे बीपीएची शक्यता. चरे पडलेला डबा कुठल्याही आकड्याचा असो, त्यात खिळे ठेवा, जेवण नको. पाण्याचा २० लिटरचा जार गॅलरीत उन्हात ठेवू नका.

बीपीए एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं, पण रोजच्या डब्यातून रोज परत येतं.

आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) तपासून घ्या: ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून मधुमेह. वजन आणि चालणं यांचा वाटा डब्यापेक्षा मोठा आहे.