सत्तावन्न नव्हे, पाच-सात

पोलिसांच्या बिनतारी विभागात माझी हयात गेली. निवृत्त होऊन भिलवडीच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या आमच्या गावी येऊन राहिलो. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोचवलेल्या माणसाचा स्वतःचाच निरोप चुकला. "शाळेपाशी सहा माणसं अडकलीत, नाव पाठवा," एवढंच मी बोललो. गावात शाळा दोन आहेत. मराठी शाळा खालच्या आळीत आणि हायस्कूल ओढ्यापलीकडं. नाव हायस्कूलकडं गेली. मराठी शाळेच्या गच्चीवर एक म्हातारी, तिची सून आणि चार पोरं आणखी दोन तास पावसात बसून राहिली. तेव्हापासून दर जूनला गावातल्या पोरांना देवळात बसवून पुराचा आकडा कसा वाचायचा आणि निरोप कसा द्यायचा हे शिकवतो. यंदा लिहूनच काढलं.

आधी नदीचा आकडा वाचायला शिका. पावसाळ्यात रोज पाटबंधारे खात्याचं पत्रक फिरतं. त्यात धरणाचा साठा टीएमसीत (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) असतो, विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) आणि पुलापाशी पाणी फूट-इंचांत. तीन वेगळी मापं, आणि लोक त्यांची भेळ करतात. एका वर्षी पत्रकात आलं, कोयनेचे दरवाजे तीन फुटांनी उचलले. गावात बातमी झाली, नदी तीन फुटांनी चढणार! लोकांनी म्हशी सोडल्या. दरवाजा किती उचलला आणि आपल्या घाटावर पाणी किती चढणार याचा असा थेट हिशेब नसतो. विसर्ग बघायचा. 2100 क्युसेक म्हणजे पायथा विद्युतगृहातून वीज करून सोडलेलं पाणी, त्यानं आपलं काही बिघडत नाही. एक लाख क्युसेक दिवसभर चाललं तर साडेआठ टीएमसीच्या वर पाणी नदीत येतं. कोयनेची सगळी क्षमता 105 टीएमसीच्या आसपास, यावरून अंदाज करा.

आणि हो, फक्त कोयनेकडं डोळे लावून बसू नका. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, या ओळीनं पातळ्या वाचायच्या. वरचे दोन पूल उतरायला लागले की आपल्याकडं उतार लागेल असं वाटतं, पण खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या दोघी फुगलेल्या असल्या तर आपलं पाणी पुढं सरकायचं नाव घेत नाही. म्हणून अंकलीचा आकडा सोडू नका.

आयर्विनला 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 ही धोका पातळी. पण आयर्विन सांगलीत आहे, तुमच्या आळीत नाही. म्हणून गावाची स्वतःची वही करा: आयर्विनला इतकं असताना आपल्याकडं स्मशानभूमीत पाणी, इतक्याला खालच्या आळीच्या पायऱ्या, इतक्याला मराठी शाळा. जुन्या माणसांना विचारून, भिंतींवरच्या डागांवरून ही वही तयार होते. आमची व्हायला दोन पावसाळे लागले. घाटाजवळच्या विजेच्या खांबावर फुटाफुटाला ऑइलपेंटनं पट्टे मारा आणि दर तासाला किती इंच चढलं ते टिपा. तासाचे इंच कळले की रात्री कुणाला उठवायचं ते कळतं.

आता निरोप. यात पाच गोष्टी असल्याच पाहिजेत: कोण बोलतंय, कुठून, किती वाजता, काय झालंय, काय पाहिजे. माझा 2019 चा निरोप असा असायला हवा होता:

"खालची आळी, गट दोन. वेळ सोळा-वीस. मराठी शाळा, पुन्हा सांगतो, मराठी शाळा, गच्चीवर सहा माणसं. एक म्हातारी, चालता येत नाही. नाव पाहिजे, सोबत धरायला दोन माणसं. ओव्हर."

ऐकणाऱ्यानं तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. पोरांना हे नाटकी वाटतं, हसतात. हसू द्या, पण म्हणून घ्या. 'हो हो, कळलं' याला आमच्या खात्यात कधीच पोच धरलं नाही.

आकड्यांचं एक खास आपलं दुखणं आहे. पावसाच्या आवाजात त्रेपन्न आणि त्रेसष्ट यांत फरक कळत नाही. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर तर विचारूच नका, अर्ध्या लोकांना ते शांत घरातही पटकन समजत नाहीत. म्हणून सत्तावन्न म्हणायचं नाही, 'पाच-सात' म्हणायचं. वेळ चोवीस तासांची, म्हणजे सकाळचे चार की संध्याकाळचे हा घोळच उरत नाही.

जागा सांगताना 'पाटलांच्या वाड्यामागं' हे बाहेरून आलेल्या बोटवाल्याला काय कळणार? पुरात वाडाही दिसत नाही. फोनमधलं जीपीएस रेंज नसली तरी चालतं, त्याला फक्त उघडं आभाळ लागतं. अक्षांश-रेखांश दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत सांगितले की माणूस दहा-अकरा मीटरच्या आत सापडतो. गावातल्या दहा-बारा ठिकाणांचे आकडे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

निरोप कशावरून पाठवायचा? फोन चालू आहे तोवर फोनच. 112, रुग्णवाहिकेला 108, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077. कक्षाचे थेट लँडलाइन नंबर उन्हाळ्यातच विचारून घ्या. स्वतःच्या कंपनीची रेंज गेली तरी 112 दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, प्रयत्न सोडू नका. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस टाका, गर्दीतही तो वाट काढतो. गावानं ग्राम सुरक्षा यंत्रणेत नोंदणी केली असेल तर 1800 270 3600 वर एकानं निरोप सांगितला की नोंदवलेल्या सगळ्या फोनवर तो वाजतो. बटणाचा फोनही चालतो, म्हणून मला ही सोय व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा जास्त आवडते. आजीला व्हॉट्सअ‍ॅप येत नाही, फोन उचलता येतो.

पण वीज गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर येतो, आणि रस्ता पाण्याखाली असताना डिझेल कोण पोचवणार? त्यासाठी वॉकी-टॉकी. इथं पोरं फसतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलणारे पाच वॉटचे संच लायसन्सशिवाय वापरणं गुन्हा आहे. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरचे, कमी ताकदीचे, मान्यता असलेले संच घ्या, त्यांना लायसन्स लागत नाही. खोक्यावर लिहिलेल्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. आपल्याकडं पुरुषभर उंचीचा ओला ऊस उभा असतो, तो आवाज गिळतो. आमच्या गावात जमिनीवरून किलोमीटरभरही धड जात नव्हतं. मग एक पोरगा पाण्याच्या टाकीवर बसवला आणि खालचे सगळे त्याच्यामार्फत बोलू लागले. वीज कडाडायला लागली की मात्र त्याला लगेच उतरवायचं.

ज्याला खरी गोडी असेल त्यानं हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारीची, परीक्षा द्यावी. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परवाना मिळतो, बारा वर्षांचं पोरही बसू शकतं. 144 ते 146 मेगाहर्ट्झवर बोलता येतं, आणि ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी संचाला मस्त पुरते. गावात असा एक परवानाधारक तयार झाला तरी पुष्कळ.

सगळं बंद पडलं तर देवळाचा भोंगा, तोही बॅटरीवर. नागरी संरक्षणात चढउताराचा आवाज म्हणजे धोका आणि एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. गावानं तेच धरावं आणि ग्रामसभेत एकदा वाजवून दाखवावं. नाहीतर लोक आरती समजतात.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात. ज्या निरोपावर तारीख आणि वेळ नाही तो पुढं पाठवायचा नाही, मग तो जावयानं का पाठवला असेना. 2021 च्या पुरात 2019 चे व्हिडिओ मीच चार वेळा पाहिले. घबराट होईल अशी खोटी सूचना पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 54 नुसार वर्षभरापर्यंत शिक्षा होऊ शकते, हे ग्रुपच्या अ‍ॅडमिनला आधीच वाचून दाखवा. खरा इशारा बघायला सरकारचं 'सचेत' अ‍ॅप ठेवा.

नावेवर कोण चढलं, कोण उतरलं, हे काठावरच्या एकानं लिहायचं. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला जादा माणसं बसलेली नाव उलटली, ते आमच्या बाजूचं कुणी विसरलेलं नाही. नावेची मर्यादा वहीत पहिल्या पानावर लिहा. तो आकडा भरला की वहीवाला थांबवेल, आणि त्याचं सरपंचानंही ऐकायचं.

हे सगळं ठेवायला झाकणाचा पत्र्याचा डबा करा: संच, चार्ज केलेली पॉवर बँक, सेलवरचा रेडिओ, बॅटरी, शिट्टी, कागदावर लिहिलेले नंबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि वही. डबा वरच्या आळीत ठेवा, ग्रामपंचायतीत नको. आमची ग्रामपंचायत नदीकडंच आहे. किल्ल्या दोघांकडं द्या. वहीला पेन सुतळीनं बांधा, बाकी काही कुणी नेत नाही, पेन नेतात.